जागी माणसं

आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं आटोपतात. भांडी घासून ओटा पुसून झाला की पुढची रात्र फार मोठी असते. त्या वर्षी ती जास्तच मोठी झाली होती, कारण माझा मुलगा झोपत नव्हता.

सेकंड पीयूसीनंतर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची, म्हणून त्याला परगावी क्लासला ठेवलं होतं. क्लासचं नाव नको, गावाचंही नको. नोव्हेंबरात तो बॅग घेऊन न सांगता परत आला. "मला तिथं राहवत नाही," एवढंच म्हणाला. मग जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं आणि झोप गेली. रात्री दीड-दोनला गच्चीवर त्याच्या चपलांचा आवाज यायचा. हे म्हणायचे, "वयाचं असतं, जाऊ दे." बस्तीत बायका विचारायच्या, "काय करालाय गं तुझा पोरगा?" मी सांगायची, "अभ्यास करालाय." आत पाच अणुव्रतांवरचं प्रवचन ऐकायचं आणि बाहेर येऊन चपला घालता घालता खोटं बोलायचं, असं माझं चाललं होतं.

मनाच्या डॉक्टरांकडे त्याला न्यायला मी दीड महिना घालवला. लोक काय म्हणतील, पुढं लग्नाच्या वेळी काय सांगायचं, असले विचार. तो दीड महिना माझ्या नावावर आहे, तो मी कुणावर ढकलत नाही. शेवटी गेलो, गोळ्या सुरू झाल्या. पण झोप लगेच आली नाही.

त्या काळात तो रात्री लॅपटॉपवर एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचा. मी पाणी प्यायला उठले की दाराच्या फटीतून पडद्यावर ससा दिसायचा. पोरांच्या गोष्टीतला गोंडस ससा नव्हे. माणसाच्या उंचीचा, कवटीसारख्या तोंडाचा, दात विचकलेला. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी णमोकार म्हणत परत येऊन पडले.

एका रात्री धीर करून आत गेले. "काय बघालैस?"

"डॉनी डार्को."

"काय हाय त्यात?"

"सांगता येत नाही. बघ." आणि तो सरकला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला शेजारी जागा दिली होती. म्हणून मी बसले, सिनेमासाठी नाही.

पहिल्यांदा पाहताना मला फारसं काही कळलं नाही, हे आधीच सांगते. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती, निम्मी वाचेपर्यंत पुढची येत होती. जेवढं कळलं ते असं. अमेरिकेतलं एक गाव. तारीख २ ऑक्टोबर १९८८. आपल्याला ती गांधीजयंती म्हणून आठवते, तिथं मात्र त्या रात्री डॉनी नावाच्या मुलाला एक आवाज हाक मारून घराबाहेर नेतो. तो आवाज त्या सशाचा. ससा सांगतो की २८ दिवस, ६ तास, ४२ मिनिटं आणि १२ सेकंदांनी जग संपणार आहे. सकाळी डॉनी गोल्फच्या मैदानावर जागा होतो, हातावर तेच आकडे लिहिलेले. घरी येतो तर दारात गर्दी. आकाशातून विमानाचं इंजिन पडलंय, ते नेमकं त्याच्या खोलीत, त्याच्या पलंगावर. आणि गंमत अशी की इंजिन हरवलेलं विमान कुणालाच सापडत नाही.

मग ते अठ्ठावीस दिवस. ससा सांगतो ते डॉनी करतो. शाळेचा पाइप फोडतो, सगळी शाळा पाण्यात. गावात एक साहेब येऊन मुलांना सांगतात की सगळं आयुष्य एका रेषेवर आहे, एका टोकाला भीती, दुसऱ्या टोकाला प्रेम. डॉनी भर वर्गात भांडतो, माणूस असा दोन खणांत मावत नाही म्हणून. इथं मात्र मी सावरून बसले. अनेकान्त लहानपणापासून कानावर पडलेलं असलं की असल्या दोन खणांच्या गणिताचा आपल्यालाही राग येतो. पुढं डॉनी त्या साहेबांचं घर पेटवतो. शाळेत नवीन आलेली एक मुलगी त्याला आवडते. आणि अठ्ठाविसाव्या दिवशी एका मोटारीखाली ती मरते. मग काळ मागं फिरतो. पुन्हा तीच २ ऑक्टोबरची रात्र. या वेळी डॉनी बाहेर जात नाही. पलंगावर पडून राहतो, हसतो. आणि इंजिन पडतं.

सिनेमा संपला. मुलगा म्हणाला, "झोप जा आता." मी येऊन पडले, पण डोळा लागला नाही. माझा पोरगा रात्र रात्र बघतोय ते काय? मरण येणार हे ठाऊक असताना अंथरुणात पडून हसणारा पोरगा.

दुसऱ्या दिवशी मेथी निवडत होते. तो समोर येऊन बसला आणि पेंडी सोडून देऊ लागला. डॉक्टरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की विचारल्यानं असला विचार डोक्यात शिरत नाही, न विचारल्यानं माणूस एकटा पडतो. मी मेथीकडे बघत विचारलं, "तुला मरावंसं वाटतंय काय?"

तो जरा वेळ गप्प होता. "मधी वाटत होतं," म्हणाला. "डॉक्टरांना सांगितलंय मी. आता तसं नाही."

"मग तो सिनेमा?"

"तू शेवट नीट बघितलीस काय?"

"बघितले की. मरतोय तो."

"त्याच्यानंतरचं. गाणं लागतंय बघ. सगळे जागे असतात."

मला आठवेना. त्यानं सांगितलं. इंजिन पडलेल्या त्या रात्री कॅमेरा गावातल्या एकेकाच्या घरी जातो. डॉनीवर उपचार करणाऱ्या बाई अंथरुणात जाग्या. भीती-प्रेमवाले साहेब पलंगावर बसून रडताहेत. त्यांची भक्त असलेली शाळेतली बाई तोंडावर हात धरून बसलीय. ज्याच्या अंगावर पुढं सशाचा वेश येणार होता तो पोरगा डोळ्याला हात लावतोय. काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, पण सगळ्यांना काहीतरी लागून राहिलंय. "मला वाटायचं, एवढ्या रात्री मी एकटाच जागा आहे," तो म्हणाला. "तो भाग बघितला की तसं वाटत नाही. त्यासाठी बघतोय."

मी म्हटलं, "मी पण जागीच असते रे. तुझ्या चपला ऐकत."

त्यानं वर बघितलं. "मला वाटलं, तू झोपतीस."

एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री तो गच्चीवर जायला निघाला तेव्हा माझ्या दारात थांबला, आणि मी उठून बरोबर गेले.

दुसऱ्यांदा आम्ही तो सिनेमा रविवारी दुपारी पाहिला, थांबवत थांबवत. पोरगा शिकवत होता, मी शिकत होते. हा सिनेमा पुन्हा का बघायचा ते मला तेव्हा समजलं. पहिल्यांदा सुट्या वाटलेल्या गोष्टी एका दोऱ्यात होत्या. शाळेत पाणी शिरलं म्हणून सुट्टी मिळाली, सुट्टी मिळाली म्हणून डॉनी त्या नव्या मुलीबरोबर घरापर्यंत चालत गेला. घर पेटलं म्हणून त्या साहेबांची काळी कृत्यं उघडी पडली आणि त्यांना अटक झाली. त्यांच्या बचावासाठी शाळेतली ती बाई गावात थांबली, म्हणून मुलींच्या नाचाच्या चमूला घेऊन डॉनीच्या आईला लॉस एंजलिसला जावं लागलं. आई घरात नाही म्हणून पोरांनी पार्टी केली, पार्टीतून ती चौघं बाहेर पडली आणि ती मुलगी मेली. बारक्या बारक्या खुणाही आहेत. पार्टीच्या वेळी फ्रिजवर चिठ्ठी आहे की फ्रँक येऊन गेला, बिअर आणायला गेलाय. फ्रँक म्हणजे तोच, ससा. थोरल्या बहिणीचा मित्र. पहिल्यांदा ती चिठ्ठी कोण वाचतंय!

आणि मग पोरानं सिनेमा थांबवून विचारलं, "ते इंजिन कुठल्या विमानाचं, सांग."

मला सांगता आलं नाही.

"आई आणि धाकटी बहीण परत येत असतात ना, त्या विमानाचं."

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा मी पोराकडे बघत होते, आईकडे बघितलंच नव्हतं. आकाशातून जे पडलं ते आईच्याच विमानाचं. पोरगा अंथरुणात पडून राहिला तर ते अठ्ठावीस दिवसच होत नाहीत, आई त्या विमानात चढतच नाही, ती मुलगी मोटारीखाली येत नाही, फ्रँकही गोळीनं मरत नाही. त्याचं हसणं मला थोडं समजलं. समजलं म्हणजे पटलं असं नाही. आपल्यात सल्लेखनेबद्दल आदर आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. सल्लेखना हे वय झाल्यावर, शरीर थकल्यावर, गुरूंच्या आज्ञेनं, सगळ्यांची क्षमा मागून घ्यायचं व्रत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या दुखण्याशी त्याची गाठ कुणी घालू नये. सिनेमातल्या काळाच्या कोड्यात डॉनीच्या मरणानं आई वाचते. खऱ्या घरात असलं कोडं नसतं. खऱ्या घरात पोरगा राहिला तरच आई राहते. हे मी पोरालाही बोलून दाखवलं. "ठाऊक आहे गं," म्हणाला.

तिसऱ्यांदा पाहिला तो दिग्दर्शकानं २००४ मध्ये पुन्हा जुळवलेला, वीसेक मिनिटांनी मोठा केलेला. सिनेमाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. रिचर्ड केली हा पंचविशीतला पोरगा, त्याचा पहिलाच मोठा सिनेमा, आणि चित्रीकरण झालं तेही अठ्ठावीस दिवसांत. डॉनी आणि त्याची थोरली बहीण झालेले जेक आणि मॅगी जिलेनहाल खरोखरचेच भाऊबहीण. खर्च सुमारे ४५ लाख डॉलर. तो थिएटरात आला ऑक्टोबर २००१ च्या अखेरीस, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडून जेमतेम दीड महिना झाला होता. विमानाचा तुकडा घरावर पडतो असला सिनेमा त्या दिवसांत कोण बघणार? पहिल्या फेरीत खर्चाचा लहानसा हिस्साच परत आला. मग न्यूयॉर्कच्या एका लहान थिएटरात मध्यरात्रीच्या खेळाला तो दोन वर्षांहून जास्त चालला, घरोघरी डीव्हीडीवर फिरला, आणि इंग्लंडात त्यातलं ते शेवटचं गाणं २००३ च्या नाताळात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. ज्यांना झोप येत नाही अशांनीच तो जगवला असणार, असं मला आपलं वाटतं.

तर ती लांबवलेली प्रत. डॉनीच्या हाती गावातल्या एका म्हाताऱ्या बाईनं कालप्रवासावर लिहिलेलं पुस्तक येतं. या प्रतीत त्या पुस्तकाची पानंच पडद्यावर दाखवून नियम समजावलेत. पोरगा खूश. मला मात्र पहिली प्रतच बरी वाटली. सगळं उलगडून सांगितलं की आपल्याला करायला काही उरत नाही.

हे मी आव्वाला सांगितलं. माझी आई ऐंशीच्या पुढं, दशलक्षणात दर वर्षी तत्त्वार्थसूत्र घेऊन बसते, दहा दिवस, दहा अध्याय. लहान असताना मी एकदा तिला म्हटलं होतं, "तेच ते काय वाचतीस, पाठ तर हाय तुला." तेव्हा ती हसली होती. आता म्हणाली, "नववा अध्याय काढ." त्यात स्वाध्यायाचे पाच प्रकार आहेत. वाचायचं, मग शंका विचारायची, मग मनात घोळवायचं, मग शुद्ध म्हणत पाठ करायचं, आणि मग दुसऱ्याला सांगायचं. "पैल्याच वाचण्यात कळालं असतं तर पुढचे चार कशाला सांगितले असते?" आव्वा म्हणाली.

शास्त्र कुठं आणि सिनेमा कुठं, दोन्ही एका पाटावर बसवायचा माझा विचार नाही. पण रीत तीच आहे. पहिल्यांदा मी नुसता पाहिला. दुसऱ्यांदा विचारत पाहिला. आणि चौथ्यांदा एकटीनं पाहिला, पोरगा धारवाडला गेल्यावर. गोळ्या चालू होत्या, झोप बरीच सुधारली होती, आणि त्यानं स्वतःहून डिग्रीला नाव घातलं होतं. घरात चपलांचा आवाज नव्हता, तरी मी दीडला जागी झाले. लॅपटॉप लावला.

या वेळी मी फक्त आईकडे बघायचं ठरवलं. मेरी मॅकडॉनेल या नटीनं ती केलीय. सुरुवातीलाच ती पोराच्या खोलीत जाऊन विचारते, रात्री कुठं जातोस? अगदी माझाच प्रश्न, माझ्याच आवाजातला, काळजीला रागाचं अस्तर लावलेला. पोरगा तिला हाकलतो, ती दार ओढून घेते आणि आतून त्यानं घातलेली शिवी तिला ऐकू येते. काही बोलत नाही. नवऱ्याला येऊन सांगते आणि नवरा थट्टेवारी नेतो. ("वयाचं असतं, जाऊ दे.") पुढं एकदा डॉनीच तिला विचारतो, डोकं फिरलेला मुलगा असणं कसं वाटतं? ती म्हणते, फार छान वाटतं. तिथं मी सिनेमा थांबवला. मला कुणी विचारलं असतं तर काय म्हटलं असतं? मी तर बस्तीच्या दारात म्हणत होते, अभ्यास करालाय.

आणखी एक प्रसंग त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकू आला. ती पुस्तकवाली म्हातारी डॉनीच्या कानात सांगते की प्रत्येक जीव एकटाच मरतो. तो हे उपचार करणाऱ्या बाईंना सांगतो आणि त्याला आपला कुत्रा आठवतो, मरायच्या वेळी ओट्याखाली जाऊन पडलेला. आपल्याला हे नवीन नाही. बारा भावनांत एकत्व भावना आहेच, जीव एकटा येतो, एकटा जातो, सोबत कर्मच. मी ती शेकडो वेळा म्हटलीय, वाटीतल्या अक्षतांकडे बघत, मन घरच्या कुकरवर. इतक्या वर्षांत तिच्यातली भीती मला कधी लागली नव्हती. ती एका पोराच्या तोंडून ऐकली तेव्हा लागली. आणि तेव्हाच हेही कळलं की एकत्व भावना मोक्षाच्या वाटेवरची आहे, शेजारच्या खोलीतल्या पोराला एकटं सोडायला दिलेली सूट नाही. आपल्याच शास्त्रात एकमेकांवर उपकार करणं हेही जीवाचं काम म्हणून सांगितलंय. दोन्ही वाक्यं मला पाठ होती. एकत्र कधी वाचली नव्हती.

शेवटी एक दृश्य आहे, ते मी आता पाठ केलंय. सकाळ झालीय. डॉनीचं प्रेत नेलंय. आई झाडाशी उभी राहून सिगारेट ओढतेय. ती मुलगी सायकलवरून येते, या वेळी जिवंत, डॉनीला न ओळखणारी. शेजारचा पोरगा तिला काय झालं ते सांगतो. ती त्या अनोळखी आईकडे बघून हात हलवते. आईही हात हलवते. दोघींना वाटतं, कुठंतरी पाहिलंय हिला. बस्स. पहिल्या वेळी मला हे दिसलंही नव्हतं.

पाचवा प्रकार, दुसऱ्याला सांगण्याचा. तो मी आत्ता करतेय. पोरानं हे सगळं वाचलंय आणि दोन वाक्यं काढायला लावून बाकीचं छापायला हो म्हटलंय.

पण त्याच्या आधी एक झालं. गेल्या दशलक्षणात, क्षमावाणीच्या दिवशी, एका ओळखीच्या बाईनं नेहमीसारखं विचारलं, "काय करालाय गं पोरगा?" मी म्हटलं, "धारवाडला आहे. मधी आजारी होता, मनानं. झोपच नव्हती त्याला वर्षभर. औषध चालू आहे, आता बरा आहे." आणि वर म्हटलं, "मी तुम्हाला इतके दिवस खोटं सांगत होते, क्षमा करा."

ती काही बोलली नाही. जिन्याच्या पायरीवर बसली आणि मला हाताला धरून बसवलं. जरा वेळानं, इकडं तिकडं बघून, हळू म्हणाली, "माझी मुलगी पण झोपत नाही गं. कुणाला सांगितलं नाही अजून."

मी तिला आमच्या डॉक्टरांचा नंबर दिला. सिनेमाचं नावही लिहून दिलं, पण ते नंतर बघा म्हटलं. आधी डॉक्टर.